आईवेगळ्या वासराचे संगोपन

व्याताना गाय दगावली, किंवा तिची कास सुजून दूध आटले, म्हणजे गोठ्यात एक निराधार वासरू उरते. कालवड असल्यास तिच्यासाठी थोडी धडपड होते; गोऱ्हा अथवा रेडकू असल्यास त्यास बहुधा दैवावर सोपविले जाते. दोन-चार जनावरांच्या धन्यास ही हानी परवडणारी नाही. बाटलीने दूध पाजून असे वासरू वाढविता येते. मात्र त्याच्या जगण्याचा निकाल बव्हंशी पहिल्या दिवशीच लागतो.

याचे कारण असे. मनुष्याच्या अर्भकास रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच मिळतात. गाई-म्हशींत ती वारेतून पिलाकडे जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि आतड्यांतून रक्तात शिरण्याचा त्यांचा मार्ग सुमारे २४ तासांत बंद होतो. यास्तव वासराच्या वजनाच्या दशांश चीक पहिल्या दिवसात पोटात जावा व त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांत जावा. २५ किलोच्या वासरास हे प्रमाण अडीच लिटर पडते. आई मेली असल्यास नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा वा म्हशीचा चीक मागून आणावा. दुधात अंडे व एरंडेल घालून पाजल्याने पोट भरते व साफ होते. चिकाचे संरक्षण त्याने मिळत नाही.

चीक विस्तवावर तापवू नये, तो गोठतो. भांडे कोमट पाण्यात ठेवून ऊन करावा. पहिल्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटण्याची आपली रीत गोड खरी. परंतु दप्तरी वारसाची नोंद आधी व वाटणी मागाहून होते, तोच न्याय गोठ्यातही असावा.

पुढे रोज वजनाच्या दशांश दूध दोन-तीन वेळांत विभागून, ठराविक वेळी, अंगाच्या उबेइतके कोमट करून पाजावे. बाटली उलटी केली असता बोंडीतून थेंब पडावेत, धार लागू नये. नाहीतर दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसास विकार जडतो. वासरू उभे असावे व आईच्या कासेशी असते तशीच त्याची मान किंचित वर असावी. चोखल्याने दूध पहिल्या पोटास वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरते, म्हणून ते घशात ओतू नये. वासरू बोंडी धरीत नसल्यास आधी दुधात बुडविलेले बोट चोखावयास द्यावे. प्रत्येक वेळी बाटली व बोंडी गरम पाण्याने धुवावी.

नाळेस जन्मतःच टिंक्चर आयोडीन लावावे. जागा कोरडी असावी. दुसऱ्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी, मऊ गवत व थोडा भरडा पुढे ठेवावा. पारडांस आईच्या दुधातूनही जंत होतात. दोन आठवड्यांच्या सुमारास पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

हगवण हा वासरांचा मोठा शत्रू होय. त्यात वासरू मरते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार गेल्यामुळे. सबब उकळून निवविलेल्या पाण्यात मीठ व साखर घालून थोडेथोडे पाजीत राहावे. शेणात रक्त दिसल्यास, डोळे खोल गेल्यास किंवा वासराने चोखणे सोडल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास बोलवावे.

बाटलीच्या वासरास खर्च दुधाचा, त्याहून अधिक नियमितपणाचा. घरातील एकाच माणसाने ही जबाबदारी पत्करावी व वेळ चुकवू नये. नीट पोसलेली संकरित कालवड सुमारे अडीच-तीन वर्षांत विते. तिने प्यालेले दूध तेव्हा व्याजासह परत मिळते.