होतकरू मुलगा आणि आजोबांचा पासपोर्ट

मागच्या वेळी आपण ‘लायकी’ या शब्दापाशी थांबलो होतो. एखाद्याला एखादी गोष्ट मिळायला ‘हवी’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? आज तोच प्रश्न, पण फुटबॉलच्या मैदानावरून. मी या खेळातला जाणकार नव्हे. ऑफसाइड म्हणजे काय हे मला अजून नातवाला विचारावं लागतं. पण उदाहरण असं आहे की रॉल्स शिकवताना माझ्या हाताशी हे असतं तर बरं झालं असतं.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला. अमेरिकेचा संघ दिल्लीत भारताशी खेळला, ३-० जिंकला. मग नवी मुंबईत कोलंबियाकडून हरला. शेवटी गोव्यात, फातोर्ड्याला, इंग्लंडने त्यांना घरी पाठवलं. दिल्लीत भारताविरुद्ध पहिला गोल पेनल्टीवर झाला, तो करणारा मुलगा जॉश सार्जंट. मिझुरी राज्यातला, वय सतरा. जर्मनीतल्या वेर्डर ब्रेमेन क्लबाशी त्याचं आधीच ठरलं होतं. पण करारावर सही करायला त्याला फेब्रुवारी २०१८ पर्यंत, म्हणजे अठरावा वाढदिवस येईपर्यंत थांबावं लागलं.

आता दुसरा मुलगा. क्रिस्टियन पुलिसिक, जन्म १९९८, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी हे गाव. हा सोळाव्या वर्षीच डॉर्टमुंडला गेला. जानेवारी २०१६ मध्ये बुंडेसलिगात उतरला, एप्रिलमध्ये पहिला गोल केला. तेव्हा तोही सतराच वर्षांचा होता! पुढे २०१९ साली चेल्सीने त्याच्यासाठी सुमारे ६४ दशलक्ष युरो मोजले.

एकाला सोळाव्या वर्षी दार उघडं आणि दुसऱ्याला अठराव्या, असं का? पुलिसिकचे आजोबा क्रोएशियातल्या ओलिब नावाच्या बेटावर जन्मले होते. त्यांच्यामुळे नातवाला क्रोएशियाचा, म्हणजेच युरोपीय संघाचा पासपोर्ट मिळाला. तो हाती येईपर्यंत त्यालाही सामने खेळता येत नव्हते, नुसता सराव. कागद आला आणि तोच मुलगा, त्याच पायांनी, मैदानात उतरला.

फिफाच्या बदलीविषयक नियमांत एकोणिसावं कलम आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली करता येत नाही. या नियमाला आधी दाद दिली पाहिजे, कारण तो उगाच आलेला नाही. पश्चिम आफ्रिकेतून पोरांना मोठमोठी स्वप्नं दाखवून दलालांनी युरोपात आणलं, आईबापांकडून पैसे उकळले, आणि पोरगं चाचणीत नापास झालं की परक्या शहरात सोडून दिलं. असं घडलेलं आहे. नियमाला दात आहेत हेही खरं. २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबावर याच कलमाखाली बदल्यांची बंदी आली. त्यात बेन लेडरमन हा अमेरिकन मुलगा सापडला. तो क्लबाच्या अकादमीत शिकत होता, पण त्याला सामने खेळायला मनाई झाली. चौदा वर्षांच्या मुलाला सांगायचं, बाळा, तुझ्या संरक्षणासाठीच तू बाकावर बस!

मात्र या कलमाला अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले तर चालतं. आणि युरोपीय संघाच्या आत सोळा ते अठरा वयात बदली चालते, अट एवढीच की क्लबाने शिक्षणाची आणि राहण्याची नीट सोय करावी. आता बघा हं. नियमाचं कारण काय सांगितलं? मुलाचं संरक्षण. मग मिझुरीच्या मुलाला सोळाव्या वर्षी असलेला धोका ओलिबच्या नातवाला का नाही? दोघांची घरं सारखीच दूर, दोघांना जर्मन नवीन. या अपवादाचं मूळ मुलांच्या काळजीत नाहीच, ते युरोपातल्या कामगारांच्या मुक्त संचारात आहे. नियम एका तत्त्वावर उभा आहे आणि अपवाद भलत्याच तत्त्वावर. तर्काची गाठ इथे बसते.

रॉल्सवाला विद्यार्थी लगेच हात वर करील: सर, पासपोर्ट नशिबाचा, तसंच पायातलं कौशल्यही नशिबाचंच ना? पुलिसिकचे वडील प्रशिक्षक, आईसुद्धा महाविद्यालयात फुटबॉल खेळलेली. यात त्याचं कर्तृत्व काय? मुद्दा बिनतोड आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. कौशल्य नशिबाने आलं तरी खेळ ज्याची परीक्षा घेतो ते तेच आहे. आजोबांचं जन्मगाव चेंडूला माहीत नसतं. जोसेफ कॅरन्सने १९८७ साली लिहिलं की श्रीमंत लोकशाही देशांचं नागरिकत्व हे सरंजामी काळातल्या जन्मसिद्ध हक्कासारखंच आहे. तेव्हा पुष्कळांना ते अतिरेकी वाटलं होतं, मलाही. आज इतकं वाटत नाही.

पण ती दोन वर्षं खरंच एवढी मोलाची असतात का? पुलिसिकने २०१७ मध्ये स्वतः लिहिलं की सोळा ते अठरा हीच वाढीची वर्षं, आणि ती आपल्याला पासपोर्टमुळे मिळाली. उलट वेस्टन मॅकेनी अठरा पूर्ण झाल्यावर शाल्केला गेला आणि २०२० मध्ये युव्हेंटसला पोचला. म्हणजे उशिरा गेल्याने वाटोळंच होतं असं नाही. सार्जंट सोळाव्या वर्षी गेला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. अॅरिस्टॉटलच्या भाषेत, सुप्त सामर्थ्य आपल्याला कळतं ते प्रत्यक्षात उतरल्यावरच. ‘होतकरू’ हा आपला शब्द म्हणूनच मला आवडतो. त्यात होणं अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर कलम काढून टाकू नये. शिक्षण आणि निवासाची अट क्रोएशियाच्या नातवाला पुरते, तर ती मिझुरीलाही पुरावी, आणि घानालाही. पण घाना म्हटलं की दलाल पुन्हा दारात उभा राहतो, आणि अट पाळली जाते की नाही हे बघायला माणूस कोण ठेवणार, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

सार्जंटचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रेमेनने त्याला ड्युसेलडॉर्फविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरवलं, आणि बुंडेसलिगातल्या पहिल्याच स्पर्शाला त्याने गोल केला. चला, आता प्रश्न घेऊ.