नवी आवृत्ती आली, मुलांची चित्रे कुठे गेली?

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. तिथल्या एका शाळेतल्या बाईंनी आम्हांला एक प्रश्न विचारला. शाळेतल्या संगणकावर 'टक्स पेंट' हा चित्रांचा खेळ आहे. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास तिसरी-चौथीच्या मुलांनी त्यावर आपापले लाकडी नंदी रंगवले होते. दिवाळीच्या सुट्टीत संगणक दुरुस्तीला गेला आणि येताना खेळाची नवी आवृत्ती घेऊन आला. शाळा उघडल्यावर मुलांनी जुनी चित्रे उघडायला घेतली, तर एकही नंदी नाही! मुले रडवेली झाली. बाईंनी विचारले, "नवी आवृत्ती जुने काम पुसून टाकते का? की आम्ही खेळ काढून पुन्हा घालून पाहावा?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी दिले : काहीही काढू नका. आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

कोणत्याही खेळाच्या फाईली दोन प्रकारच्या असतात. एक, खुद्द खेळाच्या : त्याची आज्ञावली, चित्रे, आवाज. या सर्वांच्या संगणकावर सारख्याच असतात. दुसऱ्या खेळणाऱ्याच्या : कुठवर पोचलो, किती गुण मिळाले, काय काढले. नवी आवृत्ती येते तेव्हा बदलतात त्या पहिल्या प्रकारच्या. शाळेला चुना लावायचा तर भिंतीवरचे तक्ते निघतात, पण कपाटातल्या वह्यांना कोणी हात लावत नाही, तसेच हे. मात्र वह्या कपाटातच ठेवलेल्या हव्यात.

पूर्वी त्या तशा नसत. आपल्यापैकी अनेकांनी डॉसवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असेल. हा खेळ जॉर्डन मेकनरने १९८९ साली केला आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. 'कंट्रोल' आणि 'जी' ही बटणे एकदम दाबली की खेळाच्याच फोल्डरमध्ये 'प्रिन्स डॉट एसएव्ही' नावाची फाईल तयार होई. तिचा आकार फक्त ८ बाइट! त्यात चारच आकडे : राजकन्येला सोडवण्यासाठी मिळालेल्या ६० मिनिटांपैकी उरलेली मिनिटे, चालू मिनिटाचा उरलेला भाग, कितवी पातळी आणि किती जीव. राजवाडा, पहारेकरी, सापळे यांपैकी काहीही त्यात नाही. ते खेळाकडे असतेच. खेळणाऱ्याची म्हणून जी फाईल असते ती अशी चिमुकली असू शकते, आणि म्हणूनच तिची जपणूक सोपी असते.

आता गंमत पाहा. याच फोल्डरवर फ्लॉपीतून खेळ पुन्हा उतरवला तर ही फाईल वाचे, कारण त्या नावाची फाईल फ्लॉपीत नसे. पण आधी फोल्डर पुसून मग खेळ उतरवला तर फाईलही जाई. वह्या भिंतीलाच चिकटवल्यासारखा हा प्रकार होता.

विंडोजमध्ये हळूहळू दोन जागा वेगळ्या झाल्या. खेळ 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये राहतो. खेळणाऱ्याच्या फाईली 'युजर्स' या फोल्डरमध्ये, त्याच्या खात्याच्या नावाखाली राहतात : काही 'डॉक्युमेंट्स'मध्ये, काही 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये, बऱ्याचशा 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. सगळ्यांनी एकच जागा धरली असती तर आपला त्रास वाचला असता, पण खेळ करणाऱ्यांनी तसे केले नाही. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या खात्याला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहिण्याची मनाई झाली. जुने खेळ तरीही तिथेच लिहू पाहत. ते बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांच्या फाईली गुपचूप 'ॲपडेटा'तल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवते. खेळाला वाटते, फाईल आपल्याच घरात आहे! जुना खेळ नव्या आवृत्तीनंतर 'विसरला' असेल तर इथे जरूर पाहावे.

टक्स पेंट चित्रे 'ॲपडेटा'मधल्या 'रोमिंग', त्यातल्या 'टक्सपेंट' आणि त्यातल्या 'सेव्ह्ड' या फोल्डरमध्ये ठेवतो. चित्राला नाव देतो ते तारीख आणि वेळेचे : आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, असे १४ आकडे. म्हणून पोळ्याची चित्रे शोधायला पोळ्याची तारीख पुरे.

तळेगावच्या संगणकावर हे फोल्डर रिकामे होते. मग आम्ही बाईंना विचारले, संगणक सुरू करताना पूर्वी जे नाव दिसायचे तेच आजही दिसते का? नाही, म्हणाल्या, नाव नवे आहे. तिथेच उलगडा झाला. तंत्रज्ञाने खाते नवे केले होते. खेळ नव्या खात्याच्या कपाटात पाहत होता. वह्या जुन्या खात्याच्या कपाटात होत्या. 'युजर्स'मध्ये जुन्या नावाचे फोल्डर तसेच होते. ते उघडताना विंडोजने परवानगी मागितली, ती प्रशासकाच्या खात्यातून द्यावी लागली.

खेळ नव्हे, खुद्द विंडोज बदलले असते तर घाई करावी लागली असती. तेव्हा जुन्या फाईली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये जातात, आणि विंडोज १० मध्ये आवृत्ती बदलल्यानंतर १० दिवसांनी हे फोल्डर आपोआप पुसले जाते. दिवाळीची सुट्टी त्याहून मोठी असते!

लिनक्स असलेल्या शाळांत टक्स पेंटची चित्रे 'होम'मधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या 'टक्सपेंट' फोल्डरमध्ये असतात. टिंबाने सुरू होणारे नाव तिथे लपलेले असते. 'कंट्रोल' आणि 'एच' दाबले की बहुतेक ठिकाणी दिसू लागते. ॲन्ड्रॉइड फोनवर खेळ अपडेट केला तर खेळणाऱ्याच्या फाईली राहतात, पण खेळ काढून पुन्हा घातला तर त्याच्या खासगी जागेतल्या फाईली जातात. प्रगती सर्व्हरवर ठेवणारे खेळ तेवढे वाचतात.

कधी फाईल जागेवर असूनही अडचण येते, कारण नवी आवृत्ती वेगळ्या पद्धतीने लिहिते. 'माइनक्राफ्ट'मधले जुने जग नव्या आवृत्तीत उघडले की ते नव्या पद्धतीने लिहिले जाते, ते मग जुन्या आवृत्तीत नेणे धोक्याचे असते. म्हणून उघडण्याआधी प्रत काढून घ्यावी.

वर्गात करून पाहा. मुलांना टक्स पेंटमध्ये एक चित्र काढून साठवायला सांगा आणि घड्याळातली वेळ फळ्यावर लिहा. मग 'विंडोज' आणि 'आर' ही बटणे एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत %ॲपडेटा% हे इंग्रजी अक्षरांत लिहा आणि 'एंटर' दाबा. 'टक्सपेंट' आणि त्यातले 'सेव्ह्ड' फोल्डर उघडा. फळ्यावरची वेळ फाईलच्या नावात सापडते का? सापडली की ते सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा.

तळेगावच्या बाईंनी जुन्या फोल्डरमधली चित्रे नव्या 'सेव्ह्ड' फोल्डरमध्ये उतरवली आणि खेळ पुन्हा सुरू केला. नंदी जागेवर होते. एकाची झूल हिरवी होती; ती लाल करायची राहून गेली होती, असे त्याच्या मालकाचे म्हणणे पडले.