आम दंगलीतला प्रेक्षक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील एखाद्या गावी यात्रेनिमित्त आम दंगल मुक्रर झाली म्हणजे आखाड्याभोवती जो जनसमुदाय गोळा होतो, त्याच्या अधिकारांविषयी आणि कर्तव्यांविषयी अलीकडे काही भ्रामक समजुती रूढ झाल्या आहेत. दूरचित्रवाणीवरची परदेशी कुस्ती पाहून वाढलेला तरुण प्रथमच मातीच्या कुस्तीला येतो, तेव्हा आपण येथे नेमके कशासाठी बसलो आहोत हे त्याला सहसा उमगत नाही. त्याच्यासाठी, आणि त्याला बोट धरून आणणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही, हे विवेचन आहे.

गैरसमज : प्रेक्षक हा केवळ बघ्या असतो.

वस्तुस्थिती : ‘आम’ म्हणजे सर्वांस खुली. दंगलीचा खर्च गावाच्या वर्गणीतून चालतो, आणि पुष्कळशा जोड्या ऐनवेळी, सर्वांच्या देखत लागतात. पंच इनामाचा आकडा पुकारतात, लंगोट कसलेला पैलवान आखाड्याला फेरी घालतो, आणि गर्दीतून कोणी उठून त्याच्या हातावर हात दिला म्हणजे जोड ठरते. आरंभीच्या कुस्त्या तर लहान मुलांच्याच असतात. आजोबांनी करकचून बांधलेला लंगोट, कानात गेलेली माती आणि मुठीत घट्ट धरलेली दहाची नोट अशा थाटात आठ वर्षांचा पोर गर्दीत आपल्या माणसांना शोधू लागतो, तेव्हा घटकेपूर्वी तोही त्यांच्याच मांडीवर बसलेला प्रेक्षक होता, हे ध्यानात घ्यावे.

गैरसमज : पैलवान जमिनीवर पडला की कुस्ती संपली.

वस्तुस्थिती : पालथा पडलेला, गुडघ्यांवर आलेला किंवा कुशीवर कललेला पैलवान हरलेला नसतो, दोन्ही खांदे मातीला टेकून तो उताणा झाला, म्हणजेच चीतपट झाला, तरच कुस्ती निकाली ठरते. खालचा पैलवान कित्येकदा दम राखून वरच्याची चूक हेरत असतो, आणि तेवढ्यात ‘पडला, पडला’ असा गलका करून लोक मातीत धावले, तर त्याची संधी अकारण हिरावली जाते. निवाडा पंचांचा, तो जाहीर होईपर्यंत आखाड्याच्या कडेला बसून राहणे हा प्रेक्षकाचा पहिला धर्म होय. पायातील चपला मातीबाहेर ठेवाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

गैरसमज : पडद्यावरची कुस्ती आणि दंगल एकाच जातीची, दोहोंचे निकाल आधीच ठरलेले.

वस्तुस्थिती : पडद्यावरच्या व्यावसायिक कुस्तीचे स्वरूप 1989 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात तिच्या चालकांनी स्वतःच स्पष्ट केले : तो करमणुकीचा प्रयोग आहे. तेथे खलपुरुषाची हुर्यो उडविणे आणि नायकाच्या नावाचा घोष करणे हा प्रयोगाचाच भाग असून, कसलेला मल्ल त्या घोषाच्या चढउतारावर आपल्या हालचाली बेततो. ही कला तिच्या जागी आदरास पात्र आहे. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना लोटलेली गर्दी हा त्या आकर्षणाचा पुरावा होय. परंतु दंगलीत असा आगाऊ संकेत म्हणजे लबाडी, आणि तिला ‘नुरा कुस्ती’ असे तुच्छतादर्शक नाव आहे. दोघे नुसती खडाखडी करीत वेळ काढू लागले की प्रथम कुरकुरतो तो मातीत उमेदीची वर्षे घालवलेला म्हातारा प्रेक्षक, आणि त्याच्या कुरकुरीची दखल पंचांना घ्यावी लागते. डफड्याचा ठेका आणि लोकांचा गजर पैलवानाला हुरूप देतात. निकाल मात्र त्यांच्या हाती नसतो.

गैरसमज : इनाम लावणे म्हणजे पैज लावणे.

वस्तुस्थिती : पैज लावणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या लाभाकडे असते, इनाम देणाऱ्याच्या हातून गेलेला पैसा परत येत नाही. एखादा शेतकरी कनवटीची घडी उलगडून नोट काढतो, पंचांच्या हवाली करतो, आणि ती ‘चांगल्या कुस्तीला’ म्हणून पुकारली जाते. कुस्ती बरोबरीत सुटली तर रक्कम दोघांत वाटली जाते. या देण्याची थोरवी कोठवर जाते, हे 1952 साली दिसले. पैलवान खाशाबा जाधवांच्या हेलसिंकी प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमविली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले.

गैरसमज : कुस्ती कोल्हापूरची आणि तीही पुरुषांचीच, वऱ्हाडाला आणि स्त्रियांना तिच्याशी कर्तव्य नाही.

वस्तुस्थिती : शाहू महाराजांनी खासबाग मैदान बशीसारखे खोलगट बांधून दूरच्या प्रेक्षकालाही माती दिसेल अशी तजवीज केली, हे कोल्हापूरचे ऋण निर्विवाद आहे. तथापि आपल्याच विभागात, अमरावतीस, वैद्य बंधूंनी 1914 साली लावलेल्या रोपट्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. स्त्रियांसाठी महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा 2023 साली सांगलीस झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. तेव्हा लेकीला आखाड्यापासून दूर बसविण्यास आता कोणतेच सबळ कारण उरलेले नाही.

गावच्या दंगलीतले बहुतेक निकाल कोणत्याही दप्तरात दाखल होत नाहीत. कोणी कोणाला कोणत्या डावावर अस्मान दाखविले, हे वीस वर्षांनी पारावर सांगितले जाते ते प्रेक्षकांच्या स्मरणातून. आणि म्हणूनच प्रेक्षकाने चीत झालेल्याच्या पाठीची माती नीट पाहावी, पंचांचा शब्द पुरता ऐकावा, आणि हरलेल्याची झुंज जिंकणाऱ्याच्या झुंजीइतक्याच सचोटीने ध्यानात ठेवावी. त्या दोघांचे दप्तर तोच आहे.