शब्दाचं घराणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या सहलीत मी एकदा ओरडलो होतो, ‘गुरुजी, माझी चहा सांडली!’ सगळी मुलं हसली. आमच्या घरची बोली उर्दू. तिथे चाय स्त्रीलिंगी, मराठीत चहा पुल्लिंगी. गुरुजी मात्र हसले नाहीत. ‘चहा सांडला का? दुसरा घे,’ एवढंच म्हणाले. तो चहा मी पुन्हा चुकलो नाही.

हे आठवलं माझ्या भाचीमुळे. ती स्पॅनिश शिकते. परवा वही पुढे टाकून म्हणाली, ‘मामू, या भाषेला नियमच नाहीत!’ वहीत लिंगाच्या चुकांवर लाल खुणा होत्या.

नियम आहेत. स्पॅनिशमध्ये नामाची लिंगं दोनच. पुल्लिंगी नामाआधी ‘एल’ येतं, स्त्रीलिंगी नामाआधी ‘ला’. शेवटी ‘ओ’ असेल तर बहुधा पुल्लिंग, ‘आ’ असेल तर बहुधा स्त्रीलिंग. पुस्तक म्हणजे ‘एल लिब्रो’, घर म्हणजे ‘ला कासा’. मराठीत ही दोन्ही नपुंसकलिंगी. म्हणून आपलं लिंग सोबत नेलं की पहिली चूक तिथेच होते.

दुसरी चूक नियमावर फार विसंबल्याने होते. ‘प्रोब्लेमा’च्या शेवटी ‘आ’ आहे म्हणून विद्यार्थी ‘ला प्रोब्लेमा’ म्हणतो. बरोबर रूप ‘एल प्रोब्लेमा’. सिस्तेमा, तेमा, क्लीमा, पोएमा हेही पुल्लिंगी. हे शब्द मूळचे ग्रीक, आणि तिथे ते नपुंसकलिंगी होते. स्पॅनिशमध्ये नामांना नपुंसकलिंग उरलं नाही, तेव्हा ते पुल्लिंगात आले. पण ‘मा’ दिसला की पुल्लिंग, असंही नाही. ‘कामा’ म्हणजे खाट, ती स्त्रीलिंगीच.

उलट ‘मानो’ म्हणजे हात. शेवटी ‘ओ’, तरी ‘ला मानो’, कारण लॅटिनमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी होता. ‘ला फोतो’ आणि ‘ला मोतो’ ही तर फोतोग्राफीआ आणि मोतोसिक्लेता यांची लाडकी नावं. नाव आखूड झालं तरी लिंग तेच राहिलं. रेडिओ स्पेनमध्ये ‘ला रादिओ’ आहे, मेक्सिकोत मात्र पुष्कळदा ‘एल रादिओ’ ऐकू येईल.

सर्वांत फसवं पाणी. ‘एल आग्वा’ ऐकून विद्यार्थी थंड पाण्याला ‘एल आग्वा फ्रीओ’ म्हणतो. हवं ‘फ्रीआ’, कारण आग्वा स्त्रीलिंगी आहे. अनेकवचनात ‘लास आग्वास’ म्हणताना ते उघड होतं. मग ‘एल’ कुठून आलं? जुन्या स्पॅनिशमध्ये ‘एला’ असं स्त्रीलिंगी रूप होतं. आघात असलेल्या ‘आ’पुढे त्याचा शेवटचा ‘आ’ गळाला आणि ‘एल’ उरलं. दिसायला पुरुषी, पण मूळ स्त्रीलिंगीच.

काही ठिकाणी चूक अर्थच बदलते. ‘ला कापिताल’ म्हणजे राजधानी, ‘एल कापिताल’ म्हणजे भांडवल. ‘ला कूरा’ हा उपचार, ‘एल कूरा’ हे चर्चमधले पाद्री. रोग्याला कुठलं हवं, ते नीट सांगायला हवं!

थोडक्यात, लिंग वस्तूत नसतं, शब्दाच्या घराण्यात असतं. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये. ‘मानो’ नव्हे, ‘ला मानो’ असाच म्हणावा. शेवटी ‘सिओन’ किंवा ‘दाद’ असेल तर निर्धास्तपणे ‘ला’ लावावं: ला नासिओन, ला सिउदाद. विशेषणासकट छोटं वाक्य करून म्हटलं, तर कान लवकर तयार होतो.

आणि शिकवणाऱ्याने हसू नये. बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज वापरावं. जो हसण्याला भितो तो बोलायचंच सोडतो, मग चुका होत नाहीत आणि भाषाही येत नाही.

भाचीला मी शेवटी साखरेचा शब्द विचारला. ‘आसूकार,’ ती म्हणाली. संस्कृत शर्करा फारसीतून अरबीत सुक्कर झाली आणि अरबांबरोबर स्पेनला पोचली. तिथे हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो.

‘म्हणजे इथे चुकायची भीती नाही?’ तिने विचारलं.

‘इथे नाही,’ मी म्हणालो. ‘आता चहा कर. साखर जरा जास्त घाल.’