चाकांवरचं घर – लेखांक ७ : माठ आणि फ्रीज

मागच्या लेखात गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीपाशी थांबलो होतो. त्या बॅटरीला सगळ्यात जास्त पिळून काढतो तो फ्रीज. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण धोरणाच्या कागदाला बीडचा मे महिना सोसावा लागत नाही.

आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडं निघतात, तेव्हा त्यांच्या बाडबिस्तऱ्यात माठ असतो. तोही फिरत्या घरातला फ्रीजच. पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. फ्रीजची करामत हीच. फक्त माठाची वाफ हवेत विरते आणि फ्रीज ती पुन्हा धरून आणतो, मागच्या जाळीत तिची उष्णता काढून घेतो आणि तिचा परत द्रव करतो. म्हणजे फ्रीज गारवा तयार करत नाही, आतला उकाडा बाहेर नेऊन टाकतो. टाकायला जागाच नसेल तर बिचारा करणार काय?

गाडीतले बहुतेक फ्रीज इथंच मार खातात. सुतार छान कपाट करतो, फ्रीज त्यात घट्ट बसवतो आणि मागं हवेला वाट ठेवत नाही. खालून हवा आत यावी, वरून तापून बाहेर पडावी, अशा दोन जाळ्या हव्यातच. महामार्गाची धूळ त्या जाळीवर गोधडीसारखी बसते. महिन्यातून एकदा ब्रश फिरवा. उभी करताना गाडीची ती बाजू दुपारच्या उन्हाकडं येऊ देऊ नका.

परदेशी बनावटीच्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रीज सापडतो. आगीनं गार करणारं हे यंत्र प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढलं. त्यात पंप नाही की मोटर नाही; अमोनिया आणि पाणी आपल्याच वजनानं नळ्यांतून उतरतं. म्हणून त्याला सपाट जागा लागते. चालत्या गाडीत हिसक्यांनी द्रव हलता राहतो, त्यामुळं घाटातही फारसं बिघडत नाही. पण मांजरसुंब्याला घाटाच्या उतारावर गाडी लावून, फ्रीज चालू ठेवून रात्रभर झोपलात, तर द्रव एका कोपऱ्यात तुंबतो, तळाचा भाग कोरडा तापतो आणि नळी कायमची चोंदू शकते. नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झणका नाकात गेला, तर लगेच बंद करा, खिडक्या उघडा. घरगुती दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

हल्ली मात्र बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवालाच जास्त दिसतो. तो साधारण चार अँपिअर ओढतो. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, म्हणजे पन्नास. सावलीत तो थांबून थांबून चालतो तेव्हा ही वीज दिवसभर पुरते, पण उन्हाळ्यात अखंड धावला तर बारा तासांत खेळ खलास. बॅटरी भरलेली असूनही फ्रीज सारखा बंद पडत असेल, तर आधी वायर बघा. लांब आणि बारीक वायरीत वाटेतच व्होल्ट गळतात. मी स्वतः कॉम्प्रेसर गेला म्हणून हळहळत होतो. दोष निघाला तो वीतभर गंजलेल्या जोडाचा.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज गार करा आणि सामानही गार करूनच भरा. कोमट दुधाचं पातेलं आत ढकललं की त्याचा उकाडा बॅटरीच्या जिवावर उपसावा लागतो. आणि बालाघाटातली सीताफळं घेतलीत तर कच्ची आत ठेवू नका; गारठ्यानं ती काळी पडतात, पिकतच नाहीत. ती टोपलीतच बरी. पिकली की मग एखाद-दोन दिवस खुशाल ठेवा.

प्रवास संपला की फ्रीज कोरडा पुसा आणि दाराच्या फटीत फडक्याची घडी अडकवून ते किलकिलं राहू द्या. बंद दारामागचा कुबट वास पुढच्या सहलीतल्या लोण्यालाही लागतो.