सहा मित्र, तीन दिवस आणि एक सामाईक थैली

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी व्यापाऱ्यांची मैत्री दीर्घायुषी असते. एकाच शाळेच्या बाकावर बसलेली मुले पुढे आपापल्या वडिलांच्या गादीवर बसतात. एकाची मोंढ्यात आडत, दुसऱ्याचे कापड, तिसऱ्याचे औषधाचे दुकान, चौथ्याची सराफी. दुकाने हाकेच्या अंतरावर असतात. परंतु निवांत गाठ पडते ती लग्नाच्या मांडवात, नाही तर कोणाच्या घरी सांत्वनाच्या बैठकीला. ‘एकदा सगळ्यांनी मिळून दोन-तीन दिवस कुठे तरी जाऊ या,’ हे वाक्य अशा गटांत दरवर्षी दिवाळीच्या फराळाच्या वेळी उच्चारले जाते आणि लाभपंचमीला नव्या वह्या उघडल्या की मागे पडते.

असे बेत मोडतात त्याची कारणे तीन. हंगाम आड येतो, नियम आड येतात आणि खर्च आड येतो. पहिल्या दोहोंविषयी मोकळेपणाने बोलले जाते. तिसऱ्याविषयी कोणी बोलत नाही, आणि बहुतेक वेळा खरे कारण तेच असते. म्हणून सहलीचे नियोजन करावयाचे तर या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच समोर मांडल्या पाहिजेत.

शहर कोणते?

तीन दिवसांच्या मुक्कामाला अहमदपूरहून छत्रपती संभाजीनगर सोयीचे आहे. किनगावमार्गे अंबाजोगाई, तेथून बीड आणि पुढे धुळे-सोलापूर महामार्गाने शहर, असा हा सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. अहमदपूर गावाला रेल्वे नाही. त्यासाठी चाकूर तालुक्यातील लातूर रोड जंक्शन गाठावे लागते आणि गाडीच्या वेळेवर अवलंबून राहावे लागते. ज्यांचे जेवण सूर्याशी बांधलेले आहे त्यांना स्वतःचे वाहन बरे. सहा जणांना एक मोठी गाडी आणि रस्त्याची माहिती असलेला चालक पुरतो.

या शहराच्या बाजूने आणखी एक कारण आहे. पाणचक्की, बीबी का मकबरा आणि वाटेवरचा देवगिरी किल्ला हे सर्वांच्या परिचयाचे. मात्र सुमारे तीस किलोमीटरवरील वेरूळला गेलेली अनेक जैन कुटुंबेही कैलास लेणे पाहून परततात. उत्तरेच्या टोकाला असलेली क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी ‘पुढच्या वेळी’ म्हणून राहून जातात. मित्रांच्या सहलीत ती ‘पुढची वेळ’ साधता येते.

तारीख ठरविताना

तारीख ठरविण्यासाठी पंचांग आणि खातेवही शेजारी शेजारी ठेवावी. चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो आणि अनेक श्रावकही अनावश्यक प्रवास टाळतात. तेव्हा कार्तिकी पौर्णिमेपूर्वीचा काळ वगळावा. मोंढ्यात दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक असते आणि संक्रांतीच्या आगेमागे तूर येऊ लागते. आडत्याला या दिवसांत गादी सोडता येत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ आणि २० या तारखा जीएसटीसाठी मोकळ्या ठेवाव्या लागतात. हे सर्व वजा केले की डिसेंबरचा मध्य किंवा २० तारखेनंतरचे तीन-चार दिवस हाती उरतात. नाताळची गर्दी सुरू होण्यापूर्वीचे दिवस अधिक चांगले.

त्यातही दोन गोष्टी पाहाव्यात. अष्टमी-चतुर्दशीला उपवास करणारा मित्र गटात असेल तर त्या तिथी टाळाव्यात. भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक आपल्या पंचांगाप्रमाणे मार्गशीर्ष वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास, म्हणजे याच दिवसांत येते. त्या वेळी अनेक श्वेतांबर श्रावक अठ्ठम, म्हणजे सलग तीन उपवास करतात. त्यांना त्या दिवसांत प्रवासाचा आग्रह करू नये. शेवटची बाब वाराची. वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. या एका नोंदीअभावी वेरूळच्या दारातून परतलेले गट थोडे नाहीत.

नियमांची यादी

गृहस्थाच्या बारा व्रतांत दिग्व्रताला स्थान आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जावयाचे याची मर्यादा श्रावक स्वतःच आखून घेतो. देशव्रतात तीच मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी लहान केली जाते. आज ही व्रते घेणारे थोडे असतील. पण गटात एखाद्याने ती घेतली असतील तर शहर ठरविण्यापूर्वीच त्याला विचारले पाहिजे. गाडी निघाल्यावर त्याने मर्यादेची आठवण करून द्यावी आणि इतरांनी ‘एवढ्याने काय होते’ म्हणावे, हा प्रसंग मैत्रीला शोभणारा नाही.

हीच गोष्ट आहाराची. एकाच गटात रात्रिभोजनाचा त्याग असलेला, चौविहार पाळणारा, फक्त कंदमुळे वर्ज्य असलेला, उकळलेलेच पाणी पिणारा आणि काहीच नियम नसलेला असे सारे मित्र असतात. बहुधा एखादा लिंगायत किंवा मराठा वर्गमित्रही असतो. प्रत्येकाने आपले नियम एका कागदावर लिहून द्यावेत. नियम नसलेल्याने तीन दिवस सूर्यास्तापूर्वी जेवण्याची तयारी ठेवावी आणि नियम असलेल्याने इतरांच्या ताटाकडे पाहून उपदेश करू नये. आपल्याला दिसते तेवढीच सत्याची बाजू नाही, हे अनेकांताचे तत्त्व सहलीच्या जेवणाच्या टेबलावर जितके कसाला लागते तितके क्वचितच अन्यत्र लागत असेल.

डिसेंबरात या भागात सूर्य साधारण सहाच्या आधीच मावळतो. हॉटेलांत संध्याकाळच्या जेवणाची तयारी मात्र सातच्या पुढे सुरू होते. तेव्हा साडेपाचला सहा पाने, कांदा-लसूण-बटाट्याविना, असे आदल्या दिवशीच फोन करून ठरवावे. धर्मशाळा किंवा भोजनशाळेत उतरावयाचे असल्यास खोल्यांसोबत जेवणाच्या वेळाही विचारून घ्याव्यात. डब्यात दशम्या, लसणाविना शेंगदाण्याची चटणी, खाकरा आणि भाजलेले पोहे असले म्हणजे एखादे जेवण चुकले तरी नियम मोडत नाही.

न बोललेला प्रश्न

आता खर्चाविषयी. सहा मित्रांची दुकाने सारखी चालत नाहीत. कोणाचा माल उधारीत अडकलेला असतो, कोणाच्या घरी आजारपणात पैसा गेलेला असतो, कोणी मुलीचे लग्न नुकतेच उरकलेले असते. बाजारात पत राखावयाची असते, म्हणून तो मित्र ‘मला जमणार नाही’ असे म्हणत नाही. ‘दुकानात माणूस नाही’ एवढेच म्हणतो. बाकीचे पाच जण निघतात आणि परतल्यावर त्याच्यासमोर छायाचित्रे पाहतात. पुढच्या वेळी त्याला विचारलेही जात नाही. चाळीस वर्षांची मैत्री भांडण न होता अशी सुटत जाते.

यावर उपाय सोपा आहे. बेत ठरविण्याच्या पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने नाव न लिहिता एका चिठ्ठीवर आपल्याला परवडणारी रक्कम लिहावी. चिठ्ठ्या एकत्र करून त्यांतील सर्वांत लहान आकडा हीच सहलीची मर्यादा मानावी. तो आकडा कोणाचा, हे विचारू नये आणि तर्कही करू नये. मग त्या आकड्यात बसेल असा मुक्काम, वाहन आणि जेवण शोधावे. चांगल्या हॉटेलाऐवजी धर्मशाळा आली, तीन दिवसांऐवजी दोन झाले, तरी सहाही जण गाडीत असतात. ‘तुझा वाटा मी भरतो’ ही सूचना सद्भावनेने केलेली असली तरी व्यापाऱ्याच्या मनात ती उधारीच्या खात्यात जमा होते. म्हणून ती शक्यतो टाळावी.

निघण्यापूर्वीच सर्वांनी समान रक्कम एका थैलीत जमा करावी आणि हिशोब एकाकडे सोपवावा. चहापासून टोलपर्यंतचा प्रत्येक खर्च त्या थैलीतून व्हावा. खरेदी आणि देवळातील बोली मात्र ज्याची त्याची, आणि तीही थोडी हात राखून. अपरिग्रहाचा अर्थ अशा वेळी फार साध्या रीतीने लक्षात येतो. जवळ किती आहे हे मित्रासमोर दाखवून देण्याची गरज न वाटणे, हाही परिग्रहाचा संकोचच होय.

तीन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघावे. पावणेआठच्या सुमारास नवकारसीची वेळ होते तोवर अंबाजोगाई येते; फराळ तेथे करावा. बीड ओलांडून शहराच्या अलीकडे आत वळले की कचनेर लागते. चिंतामणी पार्श्वनाथांचे हे दिगंबर अतिशय क्षेत्र असून कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. दर्शन आणि दुपारचे भोजन आटोपून शहरात पोहोचावे, पाणचक्की पाहावी आणि साडेपाचला जेवून घ्यावे. त्यानंतरची लांब संध्याकाळ मोकळी ठेवावी. मित्रांना बोलावयाचे असते ते याच वेळी.

दुसरा दिवस पूर्णपणे वेरूळचा. सकाळच्या गारव्यात जैन लेण्यांजवळच्या टेकडीवर चढून पार्श्वनाथांच्या भव्य मूर्तीचे दर्शन घ्यावे. सुमारे सोळा फुटांच्या या मूर्तीवरील लेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५ च्या सुमाराचा काळ आणि ती घडविणाऱ्या चक्रेश्वर नावाच्या दात्याचे नाव आहे. त्यानंतर कैलास पाहावा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर आत चांगला उजेड येतो. जैन लेण्यांसाठी हीच वेळ राखावी.

ही लेणी प्रामुख्याने नवव्या-दहाव्या शतकांतील. त्यांतील ३२ क्रमांकाचे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून ओळखले जाते. येथील हत्तीवर बसलेल्या यक्षाला पुढच्या काळात लोकांनी इंद्र मानले आणि हे नाव रूढ झाले. त्याच्या जोडीला आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. अंगाला वेली वेढलेले बाहुबली आणि उपसर्गातही अविचल उभे असलेले पार्श्वनाथ येथे भिंतींवर समोरासमोर पुन्हापुन्हा भेटतात. वरच्या मजल्यावर छताकडे पाहण्यास विसरू नये. रंगकामाचे अवशेष तेथे आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बीबी का मकबरा पाहून कापडाच्या व्यापाऱ्याने इतरांना हिमरू दाखवावे. सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीचे हे वस्त्र याच शहराचे. अकराला निघाले तर सूर्यास्तापूर्वी अहमदपूर गाठता येते. रात्रीचा प्रवासही टळतो.

परतल्यावर

व्यापारी माणसाचा मित्रांसोबतचा प्रवास ही नवी गोष्ट नाही. जौनपूर-आग्र्याकडील जैन व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये पुरे केलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मकथेत असे कितीतरी प्रवास आहेत. खोट्या नाण्याच्या संशयावरून वाटेत सोबत्यांसह अडकले असता, जवळच्या गावातील नात्याच्या ओळखीने त्यांची सुटका झाली, असाही एक प्रसंग त्यात येतो. त्या काळी रस्त्यावर माणसाला माणसाचीच जामीनकी होती. आज गाडी आहे, फोन आहे. जामीनकीची गरज रस्त्यावर उरलेली नाही. ती गावात परतल्यावर, एखाद्याचा वाईट हंगाम येतो तेव्हा लागते.

म्हणून परतल्यावर दोन दिवसांच्या आत थैलीचा हिशोब सर्वांना वाचून दाखवावा. शिल्लक राहिलेली रक्कम वाटून न घेता पांजरपोळात द्यावी, आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षासाठी कोऱ्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा फिरवाव्यात.