पिवळी म्हणजे पिकलेली

मंडईत हिरव्या, पिवळ्या आणि लाल ढोबळ्या मिरच्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. ते पाहून बहुतेकांची समजूत होते, की हिरवी आधी पिवळी होते आणि पिवळी पुढे लाल. तसं नाही. पिवळी मिरची झाडावर कितीही दिवस ठेवली तरी लाल होणार नाही. लाल जातीत कॅप्सॅन्थिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. पिवळ्या जातीत ते बनवणारं जनुकच काम करत नाही. पिवळा हाच तिचा शेवटचा रंग. आपण 'मिरची' म्हणून घरी आणतो ते खरं तर एक पिकलेलं फळ असतं!

पिकताना आत जे घडतं, ते मला फार विलक्षण वाटतं. हिरव्या सालीतल्या हरितलवकांच्या जागी नवं काही येत नाही. तीच लवकं आपल्यातलं हरितद्रव्य मोडून टाकतात आणि पिवळ्या रंगद्रव्यांची कोठारं बनतात. वासही बदलतो. हिरव्या ढोबळीचा तो कच्चा, उग्र दर्प पायराझिन गटातल्या एका संयुगामुळे येतो. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे जेमतेम दोन भाग असले, तरी माणसाच्या नाकाला ते कळतात. फळ पिकतं तसा हा दर्प ओसरतो, साखर वाढते.

आणि क जीवनसत्त्व! शंभर ग्रॅम पिवळ्या मिरचीत ते सुमारे 180 मिलिग्रॅम असतं, हिरवीत त्याच्या निम्म्याहून कमी. हंगेरीतल्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हे द्रव्य शोधत होते. गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून ते हाती लागायचं, पण अगदी थोडं. मग त्यांनी तिथल्याच मिरच्या तपासल्या, आणि ते किलोच्या हिशेबात मिळालं. 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पिवळी महाग का, याचं एक उत्तरही पिकण्यातच आहे. हिरवी लवकर तोडता येते. हिला आणखी काही आठवडे झाडावर, बहुधा पॉलिहाऊसमध्ये, सांभाळावं लागतं.

घेताना आधी देठ पाहा. तो हिरवा आणि टवटवीत हवा, कारण फळातलं पाणी बरंचसं देठाकडूनच उडतं. मग दोन मिरच्या एकमेकींवर घासा. ताज्या असतील तर करकर वाजतात. हातात जड लागेल ती घ्या. अर्धी हिरवी असेल तर ती घरी रंग धरेलही, पण झाडावरून तोडल्यावर गोडी वाढत नाही. तीन फुगवट्यांची नर आणि चार फुगवट्यांची मादी, असं सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. ढोबळीच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तिला साधारण 7 ते 10 अंश मानवतात. त्याहून फार गारठ्यात सालीवर खड्डे पडतात. चिरलेली असेल तर झाकणाच्या डब्यात घालून दोन-तीन दिवसांत संपवावी.

पीठ पेरून भाजी करायची तर मी हिरवीच घेईन; बेसनाला तिचा कडवटपणा लागतो. पिवळीचं मात्र भरीत करावं. तेलाचा हात लावून ती थेट गॅसवर धरा. पोकळ असल्यानं वांग्यापेक्षा लवकर भाजते. साल तडतडते, काळी पडते, आणि फटीतून गोड वासाची वाफ सुटते. दहा मिनिटं झाकून ठेवली की अडकलेल्या वाफेनं साल सैल होते, बोटानं ओढली तरी निघते. नळाखाली धरू नका, सगळा रस वाहून जाईल. हिरवी मिरची शिजून मळकट होते. हिचा पिवळा रंग आचेवरही टिकतो, आणि ती रंगद्रव्यं तेलातच विरघळतात. म्हणून वरून मोहरी-हिंगाची फोडणी हवीच. तिखटपणा तिच्यात मुळीच नसतो, तेव्हा एक लवंगी मिरची, मीठ, दाण्याचं कूट आणि घट्ट दही घाला.

भाकरीबरोबर वाढा, आणि केल्या दिवशीच संपवा. दुसऱ्या दिवशी दह्याला पाणी सुटतं.